काचेच्या पेटीतील समुद्र

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मी नेरडीगोंड्याला राहते. आमच्या गावाजवळ कुंतालाचा धबधबा आहे, भोवती सागाचे रान आहे, मैलोगणती कापसाची आणि तुरीची शेते आहेत. नाही तो फक्त समुद्र. कोणत्याही दिशेने निघालात तरी शेकडो किलोमीटर गेल्यावाचून तो दिसायचा नाही. आणि मी आपल्याशी बोलणार आहे ते घरात काचेच्या टाकीत वाढवलेल्या मऊ पोवळ्यांविषयी. ती पोवळी एकाएकी मिटून बसली, रोडावली, तर त्यांचे दुखणे कसे ओळखावे याविषयी. मी काही प्राणिशास्त्राची पंडित नव्हे. शाळेत मराठी शिकवणारी शिक्षिका आहे. पण एका उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक घडली, ती शोधता शोधता मला चार गोष्टी कळल्या, आणि त्या केवळ पोवळ्यांपुरत्याच नाहीत असे वाटल्यावरून आज बोलायचे धाडस करीत आहे.

प्रथम पोवळे म्हणजे काय ते पाहू. पोवळे हा शब्द आपल्याला सोनाराच्या दुकानातून ठाऊक आहे. मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळे, नवरत्नांतले पोवळे. आमच्या ख्रिस्ती घरांतून आजीच्या हातातल्या जपमाळेतही कधी कधी त्याचे मणी असत. हे तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रवाळाच्या जाती सांगताना ‘आलकंदक’ असे एक नाव येते आणि ते मिसर देशातील अलेक्झांड्रिया नगरीवरून पडले असावे, असे विद्वान मानतात. म्हणजे समुद्राशी संबंध नसलेल्या गावांतही दोन हजार वर्षे पोवळे पोहोचत आले आहे. फक्त ते मेलेले पोहोचत होते. आपण अंगावर घालतो तो त्या प्राण्याचा सांगाडा होय.

होय, पोवळे हा प्राणी आहे. झाडासारखे दिसते, एका जागी रुजून राहते, म्हणून पुष्कळ काळ लोक त्याला वनस्पती समजत. एकेक पोवळे म्हणजे शेकडो सूक्ष्म जीवांची वसाहत असते. प्रत्येक जीवाला एक तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारख्या शुंडा. ज्या पोवळ्यांच्या शुंडा आठ असतात, आणि त्या पिसासारख्या कातरलेल्या असतात, त्या घराण्याला अष्टशुंडी म्हणता येईल. अंगठीतले तांबडे पोवळे आणि टाकीत डोलणारी मऊ पोवळी ही दोन्ही याच घराण्यातली. मऊ पोवळ्यांना दगडासारखा अखंड सांगाडा नसतो. मांसल अंगात चुन्याच्या बारीक काड्या विखुरलेल्या असतात, एवढेच. उलट मोठमोठे खडक उभारणारी कठीण पोवळी निराळ्या शाखेतली असून त्यांच्या शुंडा सहाच्या पटीत असतात.

यातील सर्वांत मोठे आश्चर्य पुढेच आहे. उथळ पाण्यातल्या बहुतेक पोवळ्यांच्या अंगात एकपेशीय शैवल राहते. ते प्रकाश घेऊन अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. यजमान त्याला घर देतो आणि आपल्या अंगातली टाकाऊ द्रव्ये खत म्हणून पुरवतो. म्हणजे पोवळे हा प्राणी असूनही त्याची अर्धी शेती उन्हावर चालते. हे एक वाक्य ध्यानात ठेवले म्हणजे टाकीतल्या पोवळ्यांची निम्मी दुखणी उलगडतात.

समुद्र काचेत आणण्याचा नाद जुना आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. लहानपणी शाळेच्या सहलीतून वसईहून आम्ही तेथे गेलो होतो, आणि काचेला नाक लावून उभी राहिलेली मी अजून मला आठवते. ते मत्स्यालय २०२० पासून बंद आहे. घरगुती टाकीत पोवळी जगवणे मात्र फार काळ अशक्य मानले जाई. जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थांनी जिवंत जीवाणू आणि लहान जीव असलेले समुद्रातले खडक टाकीत ठेवून, केवळ हवेच्या बुडबुड्यांनी पाणी हलते ठेवून पोवळी जगवली, आणि १९६१ साली ती रीत लिहून प्रसिद्ध केली. आजच्या घरगुती टाक्या त्याच विचाराच्या वंशज आहेत.

माझ्याकडे ही टाकी आली ती हौसेने नव्हे. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला नोकरीसाठी परदेशी जावे लागले. वसईच्या घरी त्याने मऊ पोवळी वाढवली होती. समुद्रातून ओरबाडून आणलेली नव्हेत. मित्राच्या टाकीतल्या पोवळ्याचे तुकडे घेऊन, दगडाला बांधून रुजवलेली. आमच्या वसईच्या बागायतदारांच्या भाषेत सांगायचे तर कलमे. “ताई, कुणाला देऊ? तूच ने,” असे तो म्हणाला. निर्मळहून मी काचेची टाकी करून घेतली, आणि दिवाळीच्या सुट्टीत पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या थर्मोकोलच्या पेटीत घालून नंदीग्राम एक्स्प्रेसने आदिलाबादला उतरले. चार जातींची पोवळी होती. एक सार्कोफायटन, जाड चामड्यासारखे, भल्या मोठ्या अळंबीच्या आकाराचे. काही डिस्कोसोमा, बशीसारख्या चपट्या. झोअँथसचा एक गालिचा. आणि झेनिया, जिचे हात मुठी उघडाव्यात-मिटाव्यात तसे अखंड हालत. खरे पाहता डिस्कोसोमा आणि झोअँथस ही अष्टशुंडींची दूरची भावंडे. पण पाळणारे लोक या सर्वांना सरसकट मऊ पोवळी म्हणतात.

दीड वर्ष ती आनंदात वाढली. मग दुसऱ्या वर्षीच्या वसंतात पवित्र आठवडा आणि ईस्टरसाठी मी दहा दिवस वसईला गेले. परत आले तो टाकीतला समुद्र मिटलेला. सार्कोफायटन आकसून काळवंडलेला, डिस्कोसोमा सुरकुतलेल्या, झोअँथसची एकही फुले उघडी नाहीत, आणि झेनियाच्या मुठी थांबलेल्या.

आता मी काय केले ते ऐका, म्हणजे काय करू नये ते कळेल. पहिल्या दिवशी मला वाटले, प्रकाश कमी पडला असेल. दिव्याचा जोर वाढवला. दुसऱ्या दिवशी वाटले, उपाशी असतील. बाटलीतले खाद्य ओतले. तिसऱ्या दिवशी चुन्याचे द्रव्य घातले. चौथ्या दिवशी सर्व दगड उचलून त्यांच्या जागा बदलल्या. पाचव्या दिवशी पोवळी पहिल्यापेक्षा वाईट दिसू लागली, आणि कोणत्या उपायाने ती अधिक बिघडली तेही सांगता येईना. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी माझी गत झाली. पाण्यात राहणाऱ्या जीवाच्या बाबतीत ही म्हण जरा उलटी वापरावी लागते, हे मला नंतर कळले. तेथे आजार बहुधा पखालीतच असतो.

सहाव्या दिवशी हात आवरले आणि कागद घेऊन बसले. जी रीत त्या दिवशी सुचायला हवी होती आणि नंतर हळूहळू शिकले, ती अशी.

पहिला प्रश्न: हे खरोखर दुखणे आहे काय? सार्कोफायटन मधून मधून अंगावरची मेणचट त्वचा टाकते. तेव्हा ते मिटते, अंगावर चकचकीत पापुद्रा येतो, आणि काही दिवस, कधी दोन आठवडेसुद्धा, ते मेल्यासारखे दिसते. पापुद्रा सुटला की पुन्हा उमलते. अशा वेळी पाण्याचा प्रवाह थोडा वाढवावा, म्हणजे पापुद्रा वाहून जातो. बाकी काही करू नये. मात्र अंगावर तपकिरी बुळबुळीत थर आला, मांस तुटून गळू लागले, आणि दगड पाण्याबाहेर काढल्यावर कुजका वास आला, तर ते कुजणे होय. तेव्हा कुजका भाग धारदार पात्याने कापून निरोगी भाग वेगळा ठेवावा लागतो.

दुसरा प्रश्न: एकच मिटले आहे की सर्व? वैद्य जसा विचारतो, घरात एकालाच ताप आहे की सर्वांना? एकालाच असेल तर त्याच्या जागेत दोष शोधावा. दिवा फार प्रखर असेल तर पोवळे फिकट पडते, कारण अंगातले शैवल टिकत नाही. प्रकाश अपुरा असेल तर डिस्कोसोमा देठ काढून वर ताणते. प्रवाह थेट अंगावर आपटत असेल तर ते उघडत नाही, अजिबात नसेल तर अंगावर गाळ बसतो. पोवळे मंद झुळकीतल्या गवतासारखे डोलले पाहिजे. शेजारीही तपासावेत. मऊ पोवळ्यांना पळता येत नाही आणि दगडासारखे कवचही नाही, म्हणून त्यांपैकी पुष्कळ जाती विषारी द्रव्ये पाण्यात सोडून शेजाऱ्याला दूर ठेवतात. समुद्रात ती द्रव्ये वाहून जातात. काचेच्या पेटीत साचतात. त्यासाठी सक्रिय कोळसा पाण्याच्या वाटेत ठेवावा आणि दर महिन्याला बदलावा.

सर्व एकदम मिटली असतील तर दोष जागेचा नव्हे, पाण्याचा. तेथे तिसरा प्रश्न येतो: पाणी मोजले काय? पाहिले नव्हे, मोजले. विषारी पाणीही आरशासारखे स्वच्छ असू शकते. उष्णता २४ ते २७ अंश सेल्सिअस असावी. क्षारता म्हणजे एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. विशिष्ट गुरुत्वात सांगायचे तर १.०२५ ते १.०२६. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट मात्र शून्य नको. पाणी जितके निर्मळ तितके चांगले, असे नवख्याला वाटते. पण मऊ पोवळी काहीशा खतावलेल्या पाण्यातली रहिवासी आहेत. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेली की त्यांच्या अंगातले शैवल उपाशी राहते आणि ती रोडावतात. लिटरला पाच-दहा मिलिग्रॅम नायट्रेट असलेले त्यांना मानवते.

चौथा प्रश्न: घरात काय शिरले? मासा आजारी पडला म्हणून घातलेल्या औषधात तांबे असेल, तर मासा वाचेल आणि पोवळी मरतील; तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक आहे. गंजलेली चिमटी किंवा खिळा पाण्यात पडला आहे काय? खोलीत डासांचे औषध फवारले काय? हात साबणाने धुऊन तसेच टाकीत घातले काय? आणि पाणी कोठले? आमच्याकडचे कूपनलिकेचे पाणी जड असते. ते थेट घालू नये. गाळणी यंत्राचे, विरघळलेले क्षार जवळजवळ शून्यावर आणलेले पाणी घेऊन त्यात सागरी क्षारांचे मिश्रण घालावे. स्वयंपाकघरातले मीठ मुळीच चालत नाही. त्यात सोडियम क्लोराइडच काय ते. समुद्रात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेट यांचे ठराविक प्रमाण असते.

हे प्रश्न मी स्वतःला विचारले. उष्णता २७ अंश होती. अमोनिया नाही. नायट्रेट ठीक. क्षारता पाहिली. माझ्याकडे प्लास्टिकच्या डबीत काटा हलणारे साधे मापक होते. काटा नेहमीच्या जागी, १.०२५ वर होता. मग दोष कोठे?

आता येथे एका मुलीची गोष्ट सांगितली पाहिजे. मी वसईला गेले तेव्हा टाकीची काळजी आठवीतल्या एका विद्यार्थिनीवर सोपवली होती. घरी गोंडी, बाजारात तेलुगू, आणि माझ्याशी मराठी बोलणारी, अतिशय जबाबदार मुलगी. रोज सकाळी येऊन माशांना चिमूटभर खाद्य घालायचे, दिवा लावायचा आणि पाणी काचेवरच्या खुणेपर्यंत भरायचे, असे मी तिला कागदावर लिहून दिले होते. मी परतल्यावर तिने टाकी पाहिली आणि काही न बोलता निघून गेली. त्यानंतर ती आलीच नाही. माझ्या डोक्यात पोवळी एवढी भरली होती की ते माझ्या लक्षातही आले नाही.

सहाव्या दिवशी तिने ठेवलेली वही माझ्या हाती लागली. दहा दिवसांच्या दहा ओळी. “आज दीड लिटर घातले.” “आज दीड लिटर घातले.” “आज ऊन फार, पावणेदोन लिटर.” मी वही मिटणार, तेवढ्यात थबकले. पंधरा लिटरहून अधिक पाणी तिने घातले होते. इतके गाळलेले गोडे पाणी माझ्या घरात भरलेले नव्हतेच. खोलीत दोन सारख्या निळ्या बादल्या होत्या. एकीत पाच लिटर गोडे पाणी, दुसरीत, आठवड्याला थोडे पाणी बदलण्यासाठी, कालवून ठेवलेले वीस लिटर खारे पाणी. दुसरी बादली जवळजवळ रिकामी होती, आणि पहिली झाकणापर्यंत भरलेली.

श्रोतेहो, मी वसईची. मिठागरे पाहत लहानाची मोठी झाले. ऊन समुद्राचे पाणी नेते आणि मीठ मागे ठेवते, हे तिकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. टाकीतही तेच घडते. उडून जाते ते केवळ पाणी. क्षार जेथल्या तेथे राहतात. म्हणून पातळी घटली की भरायचे ते गोडे पाणी. त्या मुलीने रोज दीड लिटर खारे पाणी घातले, म्हणजे दर दिवशी सुमारे पन्नास ग्रॅम क्षार वाढले. माझ्या टाकीत पाणी नव्वद लिटर. दहा दिवसांत पाचशेहून अधिक ग्रॅम. एप्रिलच्या उकाड्यात पाणी थंड राहावे म्हणून मीच टाकीवर पंखा लावून गेले होते. त्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते हे खरे, पण ते बाष्पीभवनानेच उतरते. माझ्याच पंख्याने पाणी दुपटीने उडत होते.

मग काटा १.०२५ का दाखवत होता? तो डबीबाहेर काढून पाहिला तेव्हा त्यावर क्षारांचे पांढरे कीट बसलेले दिसले. कीट बसलेला काटा जड होतो आणि कमी आकडा दाखवतो. मी हैदराबादहून भिंगातून पाहण्याचे क्षारमापक मागवले आणि ते ३५ ग्रॅमच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घेतले. खरा आकडा निघाला १.०३१, म्हणजे किलोमागे एक्केचाळीस ग्रॅम. चूक सांगणाऱ्या साधनापेक्षा साधन नसलेले बरे, कारण नसलेले साधन निदान मनात शंका तरी राहू देते.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती दाराशी आली आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाली, “बाई, मी मारली का ती?” दहा दिवस ती मुलगी हे ओझे घेऊन हिंडत होती. तिने माझ्या कागदाबरहुकूम सर्व केले होते. कागदावर मी लिहिले होते, “पाणी खुणेपर्यंत भरावे.” कोणते पाणी, ते लिहिले नव्हते. मी वर्गात मुलांना शिकवते की विशेषणाशिवाय नाम कधी कधी मुके असते. आणि एका विशेषणाच्या अभावी एवढे झाले होते. मी तिला म्हटले, “पाणी तू बरोबर घातलेस. शब्द मी चुकीचा लिहिला.” तिची वही तिला परत दिली आणि सांगितले की दोष सापडला तो या वहीमुळे. ती वही नसती तर मी आणखी आठ दिवस दिव्याशी आणि बाटल्यांशी खेळत बसले असते आणि उरलेली पोवळीही गेली असती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघींनी उपाय सुरू केला. येथेही घाई घातक असते. क्षारता एका दिवसात खाली आणली तर पेशी पाणी शोषून फुगतात आणि तो दुसरा आघात ठरतो. म्हणून रोज दोन लिटर खारे पाणी काढायचे आणि तितकेच गोडे हळूहळू ओतायचे. उडालेले पाणीही गोड्यानेच भरायचे. हिशेब तिने वहीत मांडला. सात दिवसांत ४१ चे ३५ झाले. त्या सात दिवसांत दिवा मंद ठेवला, दगड हलवले नाहीत, बाटली उघडली नाही. एका वेळी एकच बदल, आणि त्याचा परिणाम पाहिल्याशिवाय दुसरा नाही.

चौथ्या दिवशी डिस्कोसोमा सैलावल्या. आठव्या दिवशी झोअँथसची फुले उघडली. सार्कोफायटनने तीन आठवडे घेतले. अंगावरचा पापुद्रा टाकला आणि एका सकाळी त्याच्या माथ्यावर बारीक शुंडांचे रान उभे राहिले. झेनिया गेली. ती विरघळत गेली आणि तिच्या थांबलेल्या मुठी पुन्हा हलल्या नाहीत. भावाला मी फोनवर तसे सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “बाकीची आहेत ना?”

आता दोन सूचना. पहिली सुरक्षिततेची. झोअँथसच्या काही भाईबंदांत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. म्हणून असे दगड हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा, आणि तो दगड स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळू नये किंवा त्यावर उकळते पाणी ओतू नये. त्या वाफेने घरातली माणसे आजारी पडल्याची उदाहरणे आहेत.

दुसरी कायद्याची आणि विवेकाची. समुद्रकिनारी गेल्यावर पोवळ्याचा तुकडा उचलून आणण्याचा मोह होतो. आपल्या देशात खडक उभारणारी सर्व कठीण पोवळी, काळे पोवळे, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ सालापासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. मालवणच्या समुद्रात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे, त्यावरही प्रवाळ आहे. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात २०२० साली वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले. म्हणजे ज्या किनाऱ्यावर आपण लाखो माणसे हिंडतो, तेथेही ही मंडळी मुकाट्याने राहत असतात. टाकी ठेवायचीच असेल तर टाकीत वाढलेले कलमच घ्यावे, आणि ते कोठून आले हे विचारून घ्यावे. एकदा घरात आलेले पोवळे पुन्हा समुद्रात सोडू नये; त्याच्याबरोबर परके जंतू आणि परक्या जाती जातात.

आपण म्हणाल, एका गावातल्या एका टाकीत चार पोवळी मिटली, एक मेली. त्याचे एवढे काय? माझेही मन असेच म्हणत होते. पण त्याच दिवसांत वर्तमानपत्रांत लक्षद्वीपच्या प्रवाळांची बातमी पुन्हा माझ्या वाचनात आली. तेथे १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले होते, आणि २०२४ मध्ये पुन्हा तेच घडले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जगातील प्रवाळ चौथ्यांदा जागतिक प्रमाणावर पांढरे पडत असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल उष्णतेपेक्षा पाणी केवळ एक अंशाने काही आठवडे तापले, तरी पोवळ्याचे आणि त्याच्या अंगातल्या शैवलाचे सख्य तुटते. माझ्या टाकीवर मी पंखा लावू शकले. समुद्रावर पंखा कोण लावणार?

तेव्हा मला कुंतालाच्या पाण्याची आठवण झाली. आमचा कडेम नदीचा हा धबधबा पुढे गोदावरीला मिळतो आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे समुद्र आमच्यापासून दूर असला तरी आम्ही समुद्रापासून दूर नाही. शेतात जास्तीचे पडलेले खत, ओढ्यात धुतलेली औषधाची डबकी, सर्व त्याच वाटेने जाते. काचेच्या पेटीत जी चूक दहा दिवसांत दिसते, ती समुद्रात दिसायला वर्षे लागतात. आणि तेथे दुसरी बादली ठेवलेली नसते.

ती मुलगी आता नववीत आहे. रविवारी मिस्सानंतर मी घरी येते तेव्हा ती टाकीजवळ वही घेऊन बसलेली असते. दोन्ही बादल्यांवर तिने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: एकीवर ‘गोडे’, दुसरीवर ‘खारे’, मराठीत, तेलुगूत, आणि तिच्या आग्रहास्तव गोंडीतही. मागच्या महिन्यात सार्कोफायटनचा एक तुकडा आम्ही पात्याने कापून लहान दगडाला बांधला. तो रुजला आहे. तिला तो तिच्या स्वतःच्या लहानशा टाकीत न्यायचा आहे. मी म्हटले, आधी एक उन्हाळा वही ठेव. ती म्हणाली, “ठेवते बाई. आणि कोणते पाणी तेही लिहिते.”